घेवड्याचा पीळ

चहाचा कप मोरीच्या कठड्यावर ठेवून घड्याळवाला रोजच्यासारखा घेवड्याकडे वळला आणि तिथेच थबकला. वेल उलटे गुंडाळले होते. एखाददुसरा असता तर वाऱ्यावर किंवा शेजारच्या मांजरावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण पाचही काठ्यांवर तोच प्रकार. शेंड्याकडचा वीतभर कोवळा भाग कुणीतरी काठीवरून सोडवला होता, उलट्या बाजूने काठीभोवती वेढला होता आणि सुटून येऊ नये म्हणून वर पांढऱ्या दोऱ्याने बांधून टाकला होता. एका वेलाचा शेंडा त्या ओढाताणीत मोडून खाली लोंबत होता. आता घेवडा काठीवर कसा चढतो हे जगात फार लोकांना ठाऊक नसेल, पण घड्याळवाल्याला होतं, आणि त्याच्या तावडीत सापडलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकालाही होतं. वरून पाहिलं तर हा वेल घड्याळाच्या काट्यांच्या बरोबर उलट फिरत चढतो. कधीही, कुठेही, न चुकता. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लग्न झालं त्या वर्षी बायकोने मागच्या दाराच्या, जेमतेम दोन खाटा मावतील एवढ्या जागेत माहेरच्या बिया लावल्या, काठ्या रोवून त्यांची डोकी वर एकत्र बांधली, आणि नव्या नवऱ्याने हौसेने वेल काठीला गुंडाळून दिले. दुसऱ्या दिवशी ते सुटलेले. पुन्हा गुंडाळले, पुन्हा सुटले. मग तो डोळ्याला दुकानातलं भिंग लावून काठीपाशी उकिडवा बसला होता आणि बायको दारात उभी राहून पोट धरधरून हसली होती. शेवटी त्याच्या ध्यानात आलं की आपला हात चावी द्यायच्या सवयीने फिरतो आणि वेल त्याच्या उलट. तेव्हापासून तो म्हणायचा की या घरात माझं न ऐकणारी दोघं आहेत, एक ही आणि एक हा घेवडा.

म्हणून हे ज्याने केलं त्याने मुद्दाम केलं, असं त्याच्या मनाने घेतलं. चहा तसाच राहिला. आत बायको पांघरूण डोक्यावरून घेऊन पडली होती. काल संध्याकाळपासून तिला ताप भरला होता आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या आधी उठली नव्हती. तिला उठवून सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने वर पाहिलं. वरच्या मजल्याच्या गॅलरीत कवायतमास्तर हात डोक्यावर नेऊन खाली आणत होते. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला तरी त्यांची कवायत सुटली नव्हती. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात तसं. मागच्या वर्षी वेल वाढून त्यांच्या गॅलरीच्या गजांपर्यंत गेले तेव्हा त्यांनी तक्रार केली होती की यावरून मुंग्या वर येतात. त्यावर घड्याळवाल्याने दिलेलं उत्तर जरा जास्तच खमंग होतं, आणि त्या दिवसापासून दोघांमध्ये बोलणं बेताचंच होतं. शिवाय ज्या माणसाने जन्मभर पोरांना डावीकडे वळ, उजवीकडे वळ करायला लावलं, तो वेलांनाही सोडायचा नाही, असा विचार मनात येऊन घड्याळवाल्याला रागातही थोडं हसू आलं. तो जिना चढून गेला.

मास्तरांनी दार उघडलं. घड्याळवाल्याने बसायलाही नकार दिला.

"भांडायचं तर माझ्याशी भांडा मास्तर. वेलांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

मास्तरांना पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठपणा विरघळून गेला. मी हात लावलेला नाही, ते म्हणाले. मग कोणी लावला, असं घड्याळवाल्याने विचारलं. तुम्हाला तर वरून सगळं दिसतं. मास्तरांनी गॅलरीकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि दिसतं, एवढंच म्हणाले. नंतर ते खांद्यावरच्या टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"वहिनी आज सकाळी मागे आल्या नाहीत?"

"ताप आहे तिला. ती कशाला येतेय?"

"अच्छा," मास्तर म्हणाले. "म्हणून." मग त्यांनी एकदम विषय बदलला, आणि तिला जपा, काही लागलं तर हाक मारा, असं काहीतरी पुटपुटले. घड्याळवाला जिना उतरला तो आणखीच चिडून. चोराच्या उलट्या बोंबा असतात हे त्याला माहीत होतं, पण हा चोर बोंब तर मारतच नव्हता, वर कीव केल्यासारखा बघत होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्याला वाटून गेलं की हा आपल्याशी आजारी माणसाशी बोलावं तसा बोलला. खरं म्हणजे आजारी बायको होती. त्याने तो विचार झटकून टाकला, बायकोच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि गोळी ठेवली, डोळे मिटलेल्या बायकोला दुपारी लवकर येतो म्हणून सांगितलं आणि दुकानाची वाट धरली.

दुकान म्हणजे अर्धं दुकान. उरलेल्या अर्ध्यात चष्मेवाला बसे. मधे एक काचेचं कपाट, त्याच्या अलीकडे वेळ आणि पलीकडे नजर, असं चष्मेवाला गिऱ्हाइकांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा. घड्याळांचं काम आता उरलं नव्हतं. सेल बदलायचा, पट्टा लावायचा, पट्ट्याला भोक पाडून द्यायचं. कुणी एखादा म्हातारा चावीचं घड्याळ घेऊन आला की घड्याळवाल्याला पाहुणा आल्यासारखा आनंद व्हायचा. आज त्याने कुलूप काढल्या काढल्या वेलांची हकिगत सांगायला सुरुवात केली. घेवडा कसा काट्यांच्या उलट चढतो इथपर्यंत आला तेव्हा चष्मेवाला हसत हसत म्हणाला की हे तुम्ही सांगितलंय मला. कधी, घड्याळवाल्याने विचारलं. काल, चष्मेवाला म्हणाला, परवाही, आणि त्याच्या आदल्या दिवशीही. सांगून झाल्यावर त्याचं हसू उगीचच लांबलं आणि मग ओसरलं. त्याने समोरची स्वच्छ काच उचलली आणि फडक्याने पुसत बसला. घड्याळवाला म्हणाला की चांगली गोष्ट चारदा सांगावी लागते. पण त्याला काल सांगितल्याचं आठवत नव्हतं. काल दुकानात कोण कोण आलं हे आठवत होतं, दुपारी डब्यात काय होतं हे आठवत होतं. घेवड्याविषयी बोलल्याचं मात्र नाही. त्याला घड्याळातला एक दोष आठवला, सगळ्यात वाईट दोष. घड्याळ दिवसभर ठाकठीक चालतं, मधेच कधीतरी चार-दोन मिनिटं थांबतं आणि आपण होऊन पुन्हा चालू लागतं. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की हे मागे पडतंय, आणि दुकानात ठेवावं तर एक सेकंद चुकत नाही. बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करणं सोपं. हे असं घड्याळ उस्तादसुद्धा परत देऊन टाकायचे.

उस्तादांची आठवण त्याला नको होती, पण आली. ज्यांच्या हाताखाली तो काम शिकला ते उस्ताद शेवटी शेवटी घरीच असायचे. एकदा हा फळं घेऊन भेटायला गेला तर ते खिडकीशी पाटावर घड्याळ घेऊन बसलेले, भिंग डोळ्याला, पाठ ताठ, हात जराही न थरथरता स्क्रू बसवताहेत. याला बरं वाटलं. निघताना दारापाशी त्यांच्या सुनेने हळूच सांगितलं की ते घड्याळ मेलेलं आहे, आत यंत्रच नाही. मामंजी दिवसभर स्क्रू बसवतात आणि ते झोपले की मी सगळे काढून ठेवते, म्हणजे सकाळी त्यांना काम राहतं. याचे डोळे भरून आले होते. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, किती गुणी बाई. बायको तेव्हा शेंगांच्या शिरा काढत होती. तिने हात थांबवला आणि विचारलं की त्यांना कळत असेल का हो. छे, तो म्हणाला, त्यांना काय कळतंय आता. बायकोने पुढची शेंग उचलली. "कळत असेल ना, तर त्यांनी तिला सांगायला पाहिजे," ती म्हणाली होती. "ती बिचारी एकटीच नाटक करतेय." त्याला तेव्हा ते बोलणं विचित्र वाटलं होतं. बायकांना कशातही खोट दिसते, असं काहीतरी तो म्हणाला असावा. पुढे उस्ताद गेले, त्यांचं भिंग सुनेने याला दिलं, आणि ते आजही ड्रॉवरमध्ये होतं, कापसात गुंडाळलेलं. ते त्याने कधी डोळ्याला लावलं नाही.

ऊन चढल्यावर एक नर्सबाई आली. तिच्या मनगटी घड्याळाची पट्ट्याची पिन तुटली होती आणि सेलही संपला होता. इस्पितळात पाळी सुरू व्हायच्या आत हवं, ती म्हणाली. अर्जंट. घड्याळवाल्याने सवयीप्रमाणे डाव्या करंगळीला दोरा बांधला. हा त्याचा जुना शिरस्ता. तातडीचं काम आलं की करंगळीला पांढरा दोरा, आणि घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात पडलं की मगच तो सोडायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोने विचारलं होतं की हे काय, दृष्ट लागू नये म्हणून का. आता तर घरी आल्यावर त्याची करंगळी पाहूनच ती ओळखायची की आज कुणाचं तरी घड्याळ राहिलंय. मग त्याने चिठ्ठी घेतली, नर्सबाईच्या घड्याळाला दोऱ्याने बांधली. दोरा दोनदा फिरवायचा, सुटं टोक फासाच्या आत दडपायचं, आणि चिमट्याने ओढून बसवायचं, म्हणजे टोक बाहेर दिसत नाही आणि गाठ उकलत नाही. उस्तादांची गाठ. त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी आता तो एकटाच राहिला होता, तेव्हा त्याची गाठ म्हटलं तरी चालेल. बाई गेली. त्याने घड्याळ समोर ठेवलं आणि सेल शोधायला ड्रॉवर ओढला, आणि हात तिथेच राहिला. त्याने पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं. पांढरा दोरा, दोन वेढे, टोक नाहीसं. ही गाठ त्याने आज सकाळी पाहिली होती. पाच वेळा पाहिली होती.

त्याला हातांची बोटं जणू दुसऱ्या कुणाची असावीत तशी वाटली. त्याने ती टेबलावर पालथी ठेवली. पलीकडे चष्मेवाला एका मुलीच्या नाकावर फ्रेम बसवत होता आणि तिला वरून वाच, खालून वाच म्हणत होता. सगळं जागच्या जागी होतं. घड्याळवाल्याने नर्सबाईचा सेल बदलला, पिन घातली, काटे मिळवले. कामात तसूभर चूक नव्हती. आणि त्याचंच त्याला भय वाटलं, कारण उस्तादांचेही हात थरथरत नव्हते. बाई येऊन घड्याळ घेऊन गेली, त्याने करंगळीचा दोरा सोडला, चष्मेवाल्याला दुकान बघायला सांगितलं. चष्मेवाल्याने कारण विचारलं नाही. नुसतं जा जा म्हणाला, जरा जास्तच मायेने. घड्याळवाल्याने आपलं रोजचं भिंग खिशात टाकलं. रस्त्यात त्याला दोनदा वाटलं की आपण उगीच साप साप म्हणून भुई धोपटतो आहोत. दोरा काय, कुणाकडेही असतो.

घरी बायकोचा ताप उतरायला लागला होता आणि ती घामेजून झोपली होती. तो पाय न वाजवता मागे गेला आणि काठीपाशी उकिडवा बसला, गुडघे कटकन वाजले. भिंगातून गाठ मोठी दिसली. शंकेला जागा उरली नाही. टोक चिमट्याने दडपलेलं होतं, दोऱ्यावर चिमट्याच्या दातांच्या खुणा होत्या. चिमटा त्याच्या सदऱ्याच्या खिशात असे, दोऱ्याचं रीळही. म्हणजे काल संध्याकाळी, पाणी घालायला मागे आला तेव्हा. त्याने काल संध्याकाळ आठवून पाहिली. बादली उचलली हे आठवत होतं. मग हात धुतले, हे आठवत होतं. पाणी गार होतं आणि साबणाची वडी हातातून निसटून मोरीत पडली होती. मधलं काही नव्हतं. अंधुकही नव्हतं. तिथे काही असेल असं वाटतसुद्धा नव्हतं, बादलीला लागून सरळ साबण होता. भिंग डोळ्यावर तसंच ठेवून तो वेल खाली खाली बघत गेला, काही शोधायचं म्हणून नव्हे, तर मान वर करायची हिंमत होईना म्हणून. आणि मग त्याला दिसलं की वेलाला जागोजागी मुरड पडली आहे. कोवळा वेल उलटा पिळला की त्याची साल दुमडते आणि तिथे तपकिरी वळ उठतो. पुन्हा सुलटा केला तरी तो वळ जात नाही. आत्ताच्या गाठीच्या खाली वीतभर अंतरावर तसा वळ होता. त्याच्या खाली आणखी एक होता. त्याच्याही खाली होता. कमरेच्या उंचीपासून वरपर्यंत वेलावर असे वळ चढत गेले होते, आणि पाचही वेलांवर तसेच. रोज वाढलेला शेंडा रोज उलटा पिळला गेला होता. आणि रोज तो कुणीतरी सोडवून, कुरवाळून, पुन्हा सरळ काठीवर चढवला होता, इतक्या बेताने की सकाळी चहा घेऊन येणाऱ्या माणसाला काही दिसू नये.

यंदा शेंगा का धरल्या नाहीत हे त्याने बायकोला कितीदा विचारलं होतं. उन्हाने, ती म्हणायची. बियाणं जुनं झालं असेल. गेला महिना-दीड महिना ती त्याच्या आधी उठत होती. त्याला जाग येई तेव्हा ती मागच्या दारातून पदराला हात पुसत आत येई. झोप लागत नाही हो, वय झालं, असं सांगे. त्याने तिला दुकानाजवळच्या डॉक्टरकडून झोपेचं औषधही आणून दिलं होतं, आणि आपण बायकोची किती काळजी घेतो म्हणून मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली होती. आज ती तापाने उठू शकली नाही, म्हणून त्याला हे दिसलं. वहिनी आज आल्या नाहीत, म्हणून, असं म्हणणाऱ्या मास्तरांना वरून रोज काय दिसत असेल ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं. संध्याकाळी एक म्हातारा खाली येतो, चिमट्याने गाठी मारतो. सकाळी एक म्हातारी येते, कात्रीने त्या कापते. ती कात्री शिवणाच्या डब्यातली, लहान. तिला आधीच खांद्याचं दुखणं होतं, हात वर गेला की कळ यायची. शरमेने त्याचे कान तापले. मग शरम ओसरली आणि नुसती भीती राहिली, लहानपणी गर्दीत बोट सुटल्यावर वाटते तसली. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं. पण वर गॅलरी होती.

त्याने दोरे कापले, मोडलेला शेंडा खुडून टाकला. मग मनगटातलं घड्याळ काढून काठीच्या बुडाशी मातीवर उताणं ठेवलं आणि त्याच्याकडे बघत, काट्यांच्या उलट, काट्यांच्या उलट, असं मनाशी घोकत एकेक शेंडा सरळ काठीवर चढवला. पाच वेल चढवायला त्याला दुपार पुरली नाही असं वाटलं. काम झाल्यावर तो आत गेला तेव्हा बायको जागी झाली होती आणि उशीवर कोपर टेकून मागच्या दाराकडे बघत होती. त्याने तिला ऊन दूध दिलं. ते पिताना ती कपाच्या कडेवरून त्याचा चेहरा बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला सासूच्या धाकात पाहिलं होतं, मुलीच्या बाळंतपणात घाबरलेलं पाहिलं होतं, पण हे असं, शाळेत चोरी पकडली जाईल म्हणून पोरीने बघावं तसं, कधी पाहिलं नव्हतं.

"मागे गेला होतात सकाळी?"

"गेलो होतो की. रोज जातो."

"वेल... बरे आहेत?"

"ठीक आहेत," तो म्हणाला. "त्यांना काय धाड भरलीय."

तिचे खांदे सैल पडले. ती पुन्हा आडवी झाली आणि एका हाताने त्याच्या सदऱ्याची बाही धरून राहिली. तिच्या बोटांवर बारीक बारीक चिरा होत्या, कात्रीच्या की दोऱ्याच्या ते कळत नव्हतं. त्याच वेळी सांगायला हवं होतं. शब्दही तयार होते, फार नव्हते: मला कळलंय गं, तू एकटीने नको ओढूस. तेवढं बोललं की दोघं मिळून डॉक्टरकडे जाता आलं असतं, मुलीला बोलावून घेता आलं असतं, दुकान चष्मेवाल्याच्या गळ्यात घालता आलं असतं. आणि मुख्य म्हणजे तिला पहाटे चोरासारखं उठावं लागलं नसतं. निदान जोवर त्याला कळतंय तोवर तरी दोघं एका बाजूला उभे असते. उस्तादांना कळत होतं की नाही हे आता त्याला ठाऊक झालं. मधून मधून कळत असणार, आणि जेव्हा कळत होतं तेव्हा तेही असेच ठीक आहे म्हणाले असणार. पण तिचा डोळा लागत होता. कपाळ अजून कोमट होतं. तापातून उठलेल्या माणसाला हे सांगायचं का, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि खरं बोलायचं तर त्या प्रश्नाआड लपायला मिळालं म्हणून त्याला हायसं वाटलं. उद्या सकाळी. ती उठायच्या आत आपण उठायचं, मागच्या दारात तिला गाठायचं आणि पहिलं वाक्य हेच बोलायचं. त्याने खिशातून रीळ काढलं आणि डाव्या करंगळीला दोरा बांधला. दोन वेढे, टोक आत, चिमट्याने घट्ट. याच्याइतकं अर्जंट काम त्याच्याकडे आजवर आलं नव्हतं, आणि या दोऱ्याने त्याला आजवर कधी दगा दिला नव्हता.

दिवेलागणीला त्याने बायकोच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, मागचं दार उघडलं आणि पाण्याची बादली उचलली. मग त्याने हात धुतले. पाणी गार होतं.

सकाळी त्याला जाग आली ती उन्हाने. शेजारची गादी आवरलेली होती. बायको बरी झाली, या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की तो चहा स्वतःच गाळून घेऊन मागे आला. ती काठ्यांपाशी उभी होती, पदर कमरेला खोचलेला, चेहरा उतरलेला पण ताप नव्हता. तिची एक मूठ मिटलेली होती. त्याला बघून तिने ती पदरात नेली आणि इतक्या लवकर कशाला उठलात म्हणाली. तो म्हणाला की लवकर कुठे, ऊन डोक्यावर आलंय. तू पड जरा, अजून अशक्तपणा असेल. ती पडते म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. वर गॅलरीत कवायतमास्तर हात वर करून थांबले होते. घड्याळवाल्याने मान हलवली तसे ते लगबगीने आत गेले. हा माणूस आपल्यावर कशावरून तरी रागावलेला दिसतो, असं त्याच्या मनात आलं. मुंग्यांचं प्रकरण असणार.

"आज कुणाचं घड्याळ द्यायचंय?" बायकोने विचारलं.

तिची नजर त्याच्या करंगळीवर होती. त्यानेही पाहिलं. दोरा घट्ट होता, बोटाचं टोक थोडं सुजून लाल झालं होतं. गाठ त्याची होती यात प्रश्न नव्हता. कुणाचं बरं? नर्सबाईचं तर दिलं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, दुकानाचा ड्रॉवर डोळ्यांपुढे आणला, सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून आठवल्या. काहीतरी महत्त्वाचं होतं एवढं नक्की. बायको त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती, आणि ती इतकी जीव मुठीत धरून का बघते आहे हे त्याला कळेना.

"असेल कुणाचं तरी," तो शेवटी म्हणाला. "दुकानात गेलो की आठवेल."

कापू का, तिने विचारलं, बोट सुजलंय. त्याने हात मागे घेतला. काम झाल्याशिवाय सोडायचा नाही, एवढी वर्षं झाली, तुला माहीत नाही का. माहीत आहे, ती म्हणाली. मग तिने तोंड फिरवलं आणि घेवड्याच्या एका पानावर नसलेला किडा झटकला. पाचही वेल नीट काठीवर चढलेले होते, कोवळ्या शेंड्यांवर पाणी होतं. घड्याळवाल्याला प्रसन्न वाटलं. पहिल्या वर्षी ती दारात उभी राहून हसली होती ते त्याला लख्ख आठवलं, तिच्या लुगड्याच्या काठाचा रंगसुद्धा.

"तुला गंमत ठाऊक आहे का याची?" तो म्हणाला. "हा वेल आहे ना, हा काट्यांच्या उलट चढतो. कधीही बघ. मी स्वतः शोधून काढलंय."

"हो?" ती म्हणाली.

"हे बघ." त्याने कप खाली ठेवला, एक शेंडा हलकेच काठीवरून सोडवून घेतला आणि जुन्या घड्याळाला चावी द्यावी तसा, डावीकडून उजवीकडे, सफाईने काठीभोवती फिरवला. मग खिशात रीळ चाचपलं. "असा. काट्यांच्या उलट."

बायकोने मिटलेली मूठ पदरात आणखी आवळली.

"हो," ती म्हणाली. "असाच."